विमा नऊ दिवसांपूर्वी संपला होता

दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात टेबल मांडून बसतो. कुणाच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज असतो, कुणाची निराधार योजनेची पेन्शन थांबलेली असते, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती अडकलेली असते. वीस-बावीस वर्षे कारकुनीत गेली, त्यामुळे फॉर्म भरणे आणि हिशेब मांडणे या दोनच गोष्टी मला बऱ्यापैकी येतात. अलीकडे मात्र या टेबलावर एक निराळाच कागद येऊ लागला आहे. तो मोटारसायकलीचा असतो.

आमच्या लहानपणी वस्तीत सायकली होत्या आणि एका मुकादमाची लुना होती. ती लुना पाहायला आम्ही पोरे गोळा होत असू. आज हप्त्यावर का होईना, दर दोन घरांमागे एक गाडी उभी आहे. याचा आनंदच आहे. गोदामात, कारखान्यात, लोकांच्या घरी सामान पोहोचवण्याच्या कामात ज्याच्याकडे गाडी त्याला काम, अशी स्थिती आहे. परंतु गाडी घरात आली तरी तिचे कागद सांभाळण्याची सवय अजून घरात आलेली नाही. आरसी बुक गादीखाली, पॉलिसी शोरूमच्या पिशवीत आणि लायसन्स पाकिटात, पण त्यावरची तारीख कुणी वाचलेली नाही!

एक गृहस्थ गोदामात हमालांचे मुकादम आहेत. वय पंचेचाळीस. २०१९ च्या दसऱ्याला त्यांनी शंभर सीसीची नवी मोटारसायकल घेतली. २०२५ च्या जानेवारीत नाक्यावर पोलिसांनी थांबवले. विमा विचारला. हे म्हणाले, "आहे की साहेब, गाडी घेतानाच काढलाय." साहेबांनी मशीनमध्ये नंबर घातला आणि विमा तीन महिन्यांपूर्वीच संपल्याचे दाखवले. मग लायसन्स पाहिले. तेही संपून तीन आठवडे झाले होते. "महिनाभर चालते ना साहेब?" असे यांनी विचारले. चालत नव्हते. एकाच चलानात सात हजार रुपये लागले. रविवारी ते कागद घेऊन माझ्यापुढे बसले, तेव्हा त्यांचा राग पोलिसांवर होता. मी कायदा काढून दाखवला, तसा तो हळूहळू स्वतःवर आला.

त्यांची चूक कुठे झाली हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण तीच चूक घरोघरी होत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम काढावा लागू लागला. म्हणजे शोरूममध्ये गाडीच्या किमतीतच पाच वर्षांचे पैसे भरले गेले. पाच वर्षे कुणी विचारले नाही, कुठे पैसे भरावे लागले नाहीत. एवढ्या काळात माणूस विमा नावाची वस्तू विसरून जातो आणि तो कायमचाच आहे असे धरून चालतो. मुदत संपत आल्याचा संदेश कंपनी पाठवते, पण तो कुणाच्या मोबाइलवर? शोरूममधल्या पोराने फॉर्म भरताना जो नंबर घातला त्याच्यावर. यांच्या पॉलिसीवर त्यांचा जुना नंबर होता, जो त्यांनी कधीच बंद केला होता.

लायसन्सची गोष्ट तशीच. पूर्वीच्या नियमाप्रमाणे खासगी वाहनाचे लायसन्स वीस वर्षे किंवा वयाची पन्नाशी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालत असे. यांनी २००४ च्या डिसेंबरात काढले होते, ते २०२४ च्या डिसेंबरात संपले. संपल्यावरही तीस दिवस ते ग्राह्य धरले जाई, ही जुन्या कायद्यातली सवलत खरी होती. पण २०१९ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ सप्टेंबर २०१९ पासून, ती काढून टाकण्यात आली. आता तारीख संपली की त्याच रात्री लायसन्स संपले. लोकांच्या तोंडी मात्र 'महिनाभर चालते' हे अजून आहेच. कायदा बदलतो तेव्हा त्याची दवंडी कुणी आपल्या वस्तीत पिटत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. कलम १४६ म्हणते की तृतीय पक्ष विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणू नये. आणली तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. २०१९ पूर्वी हा दंड एक हजार होता. ग्राह्य लायसन्स नसताना गाडी चालवली तर कलम १८१ प्रमाणे पाच हजार, जो पूर्वी पाचशे होता. म्हणजे दसपट. आपल्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात अजून पाचशेचाच आकडा बसलेला आहे.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, म्हणून त्या मुकादमांचा हिशेब पाटीवर मांडला. दंड सात हजार. चाळिशी ओलांडलेली असल्याने नमुना १अ वर डॉक्टरचे प्रमाणपत्र, त्याचे दोनशे. लायसन्स नूतनीकरणाचे दोनशे आणि स्मार्ट कार्डचे दोनशे. तृतीय पक्ष विमा, ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दरपत्रकाप्रमाणे ७१४ रुपये, त्यावर अठरा टक्के कर धरून ८४३ रुपये. दोन दिवस कामावर खाडा, साडेसहाशे रुपये रोजाप्रमाणे तेराशे. एकूण ९,७४३ रुपये. हेच सगळे वेळेवर केले असते तर ८४३ अधिक ४०० अधिक २००, म्हणजे १,४४३ रुपयांत भागले असते. आठ हजार तीनशे रुपये निव्वळ तारीख न वाचल्याचे गेले. मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले, हे त्यांनी नंतर खाली मान घालून सांगितले.

त्यातही त्यांचे नशीब म्हणायचे ते असे की ते लगेच आले. एजंटाने त्यांना लायसन्सच्या कामाचे तीन हजार सांगितले होते. ज्या कामाला चाचणी द्यावी लागत नाही, ते २०२१ पासून आधारच्या आधारे घरबसल्या करता येते, फक्त आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. वस्तीतल्या एका बारावीच्या मुलीने परिवहनच्या सारथी संकेतस्थळावर तासाभरात अर्ज भरून दिला. एजंटांवर माझा सरसकट राग नाही, त्यांनाही पोट आहे. पण चारशेच्या कामाला तीन हजार देणारा माणूस आणि रोजाने काम करणारा माणूस एकच असावा, हे मला पाहवत नाही.

आता उशीर झाला तर काय होते ते पाहू. लायसन्स संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणीशिवाय नूतनीकरण होते. पण ते नूतनीकरणाच्या तारखेपासून धरले जाते, मधले दिवस भरून निघत नाहीत. त्या मधल्या दिवसांत गाडी चालवली असेल तर ती लायसन्सशिवायच चालवली असे समजायचे. वर्ष उलटले की पुन्हा गाडी चालवून दाखवण्याची चाचणी. केंद्र सरकारने २०१६ च्या अखेरीस ठरवलेल्या शुल्काप्रमाणे चाचणीचे प्रत्येक वाहन प्रकारामागे तीनशे रुपये आहेत. सवलतीच्या मुदतीनंतरच्या नूतनीकरणाला दोनशेऐवजी तीनशे, आणि शिवाय उशिराच्या दर वर्षाला किंवा वर्षाच्या भागालाही एक हजार रुपये. चार वर्षे लायसन्स पेटीत पडून राहिले तर काय होईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. नूतनीकरण झाल्यावर मुदतही पूर्वीसारखी नाही. तिशी ते पन्नाशीतल्या माणसाला दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नपर्यंत वयाच्या साठीपर्यंत, त्यापुढे पाच-पाच वर्षे. रिक्षा, टेम्पो यांसारख्या धंद्याच्या वाहनांच्या लायसन्सला पाचच वर्षे.

या विषयावर बोलताना एका कॉलेजच्या मुलाने मला हटकले. "काका, विमा संपला की लायसन्स आपोआप रद्द होते ना? मी मोबाइलवर पाहिलंय." त्याने पाहिले ते अमेरिकेचे असावे. तिकडे न्यूयॉर्क राज्यात विमा खंडित झाला की विमा कंपनीच सरकारला कळवते आणि गाडीची नोंदणी निलंबित होते. खंड नव्वद दिवसांच्या आतला असेल तर पहिले तीस दिवस रोज आठ डॉलर, पुढचे तीस दिवस दहा आणि नंतरचे तीस दिवस बारा, असा दंड भरून निलंबन टाळता येते. नव्वद दिवसांच्या वर गेले की लायसन्सही बंद. आपल्याकडे तसे नाही. आपल्या कायद्यात विमा गाडीचा आणि लायसन्स माणसाचे. विमा नाही म्हणून लायसन्स निलंबित होत नाही. ज्या गुन्ह्यांत पोलिसांनी लायसन्स काढून घेऊन आरटीओकडे पाठवायचे, ते वेगळे आहेत. दारू पिऊन चालवणे, धोकादायक चालवणे, वेगमर्यादा मोडणे, हेल्मेट नसणे, दुचाकीवर तिघे बसणे वगैरे. हेल्मेट नसेल तर एक हजार दंड तर आहेच, शिवाय तीन महिने लायसन्स निलंबित करण्याची तरतूद आहे. ते परत मिळवताना वाहन चालवण्याचा उजळणी वर्ग पूर्ण करावा लागतो. निलंबनाचा आदेश चुकीचा वाटला तर मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. ही तीस दिवसांची मुदत आपली माणसे हमखास घालवतात. आणि निलंबनाच्या काळात गाडी चालवताना सापडला तर दहा हजारांपर्यंत दंड.

म्हणजे लायसन्स वाचले, एवढ्यावर त्या मुलाचे समाधान झाले. माझे झाले नाही. कारण आपल्याकडे विमा संपल्याची किंमत नाक्यावर वसूल होत नाही. ती अपघाताच्या दिवशी वसूल होते.

दुसरे घर

आमच्याच वस्तीतले कुटुंब. बाप नगरपालिकेतून निवृत्त झालेला, आई चार घरची कामे करणारी, मुलगा चोवीस वर्षांचा, घरोघरी पार्सल पोहोचवणारा. गाडी बापाच्या नावावर, कारण कर्ज त्याच्या पगारावर मिळाले होते. २०२४ च्या पावसाळ्यात, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, पाऊस आणि खड्डे यांतून येताना मुलाच्या गाडीची धडक रस्ता ओलांडणाऱ्या एका माणसाला बसली. मुलगा पळून गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यानेच रिक्षा थांबवली, त्यानेच दवाखान्यात नेले. तो माणूस पहाटे गेला.

मुलाकडे लायसन्स होते. हेल्मेट होते. विमा नऊ दिवसांपूर्वी संपला होता.

सकाळी कुणा शहाण्याने सांगितले की लगेच ऑनलाइन विमा काढून टाका, तारीख आजचीच पडेल. काढला. त्याचा काडीचा उपयोग नव्हता. पॉलिसीवर तारखेबरोबर वेळही छापलेली असते ती याचसाठी. विम्याचे संरक्षण ज्या मिनिटापासून सुरू झाले असे कागदावर लिहिले आहे, त्याच्या आधीच्या अपघाताला ते मागे जाऊन लागत नाही. शोरूमच्या पिशवीत, उंदराने कडा कुरतडलेली जुनी पॉलिसी मी स्वतः पाहिली. शेवटची तारीख स्पष्ट होती.

आई रविवारी माझ्याकडे आली. बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, "भाऊ, केस झाली आहे. पोलीस म्हणाले नुकसानभरपाईची केस वेगळी चालेल. किती भरावे लागतील?" मी आकडा लगेच सांगितला नाही. त्या रात्री बसून काढला.

मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई मनाला वाटेल तशी ठरवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात २००९ मध्ये आणि प्रणय सेठी प्रकरणात २०१७ मध्ये त्याची रीत घालून दिली आहे. मेलेला माणूस तीस वर्षांचा होता, बिगारी काम करी. महिन्याला पंधरा हजार मिळत होते असे धरू. स्वतःचा रोजगार करणारा आणि चाळिशीच्या आतला म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईचे चाळीस टक्के धरायचे, झाले एकवीस हजार. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई, असे चार अवलंबून. म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा, उरले पंधरा हजार सातशे पन्नास. वर्षाचे एक लाख एकोणनव्वद हजार. त्या वयाला गुणक सतरा. उत्तर आले बत्तीस लाख तेरा हजार. त्यावर अंत्यविधीचे, कुटुंबाच्या सहवासाला मुकल्याचे वगैरे वेगळे पैसे, आणि व्याज.

कागदावर एका बाजूला ८४३ आणि दुसऱ्या बाजूला ३२,१३,०००. आयुष्यात अनेक ताळेबंद जुळवले, पण असा कधी पाहिला नव्हता.

विमा असता तर हे पैसे कंपनीने भरले असते. तृतीय पक्ष विम्यात मृत्यूच्या भरपाईला रकमेची मर्यादा नाही, न्यायाधिकरण ठरवील ते कंपनीने द्यायचे. विमा नसेल तर चालक आणि मालक दोघांनी मिळून द्यायचे, म्हणजे या घरात मुलाने आणि बापाने. दिले नाहीत तर कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. घर, जमीन, जे नावावर असेल ते त्यात येते. आईने विचारले, "मग घर जाईल का?" मी तिला खोटा धीर दिला नाही. वकील गाठा, तारखेला हजर राहा, एकतर्फी निकाल लागू देऊ नका, एवढेच सांगितले. नोटीस आली की घाबरून घरात बसणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याच विरोधात एकतर्फी निकाल लागतात.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघे-तिघे त्या मेलेल्या माणसाच्या घरी गेलो. यावरून वस्तीत काहींनी मला बोल लावला. आपल्या मुलाविरुद्ध केस आहे आणि तुम्ही तिकडे कशाला जाता, असे. पण गेलो. चार स्टेशने पलीकडची वस्ती. तोच नळाचा रांगेतला आवाज, तशीच पत्र्याची घरे, तशाच दोऱ्यांवर वाळत घातलेल्या शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्या. बाई सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. तिने कागदांची पिशवी पुढे केली आणि विचारले, "दादा, पैसे कधी मिळतील?" आम्ही कोणाकडून आलो आहोत हे मी सांगितले होते, तरी तिने चहा केला.

त्या बाईला काय सांगायचे? गाडीला विमा असता तर निकालानंतर कंपनीला रक्कम न्यायाधिकरणात जमा करावीच लागली असती. आता तिला निकाल मिळेल, बत्तीस लाखांचा किंवा त्याहून कमी-जास्त. पण तो वसूल करायचा तो एका निवृत्त सफाई कामगाराकडून. त्याची सारी पुंजी विकली तरी चौथा हिस्सा निघणार नाही. मग कागद फ्रेम करून भिंतीला लावायचा काय?

आपण विम्याकडे पोलिसांना दाखवायचा कागद म्हणून पाहतो. पण तृतीय पक्ष म्हणजे कोण? पहिला पक्ष गाडीवाला, दुसरा कंपनी आणि तिसरा रस्त्याने पायी जाणारा माणूस. पहाटे कामाला निघालेली बाई, सायकलवरचा कामगार, शाळेतून येणारे पोर. रस्त्याने पायी कोण चालते हे मी वाचकांना सांगायला नको. आपल्याच वस्त्यांतली माणसे चालतात. गाडी आपल्याकडे आली म्हणून आपण तिसऱ्या पक्षातून उठून गेलो असे होत नाही. घरातला एक गाडीवर असतो तेव्हा बाकीचे चार रस्त्यावरच असतात.

त्या बाईला आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता दिला. ही माहिती दोन्ही घरांच्या उपयोगाची आहे म्हणून इथे लिहितो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेले अनुसूचित जातींचे लोकही त्यात येतात, तेव्हा आपल्या माणसांनी जातीचा दाखला बरोबर न्यावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. वकिलाच्या फीच्या भीतीने तारखा बुडवणाऱ्यांनी हा क्रमांक लिहून ठेवावा.

विमा आहे, पण लायसन्स संपले आहे, असे असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात याची रीत सांगितली. अशा वेळी बळी पडलेल्याच्या कुटुंबाला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाने अटीचा भंग केल्याचे सिद्ध झाले तर नंतर ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे त्या विधवेचे भागते, पण मालक काही सुटत नाही. मुकादमांना मी हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तीन आठवडे ते रोज त्या गाडीवर मुलीला शाळेत सोडत होते.

आणखी एक गैरसमज. गाडीवाला स्वतःच्याच चुकीने, घसरून वगैरे मेला तर तृतीय पक्ष विम्यातून त्याच्या बायकामुलांना काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो, पंधरा लाखांचा, आणि त्याचे वर्षाचे काही शे रुपये पडतात. मुकादमांच्या हिशेबात मी ते धरलेले नव्हते. पण त्याची अट हीच की चालवणाऱ्या मालकाकडे ग्राह्य लायसन्स पाहिजे. लायसन्स संपले की हे पंधरा लाखही धोक्यात आले. घरातल्या बायांनी नवऱ्याच्या पाकिटातले लायसन्स एकदा काढून पाहावे. यात संशय घेण्यासारखे काही नाही.

रिक्षा-टेम्पोवाल्या बांधवांसाठी एक दिलासा. हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचे धंद्याचे वाहन चालवू शकतो, त्यासाठी लायसन्सवर वेगळा शेरा लागत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. या एका मुद्द्यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षे भरपाई नाकारत होत्या. रिक्षाचा बॅज आणि परमिट हा विषय निराळा, त्याच्या अटी आहेत तशाच आहेत.

जुनी गाडी घेणाऱ्यांबद्दल आणि विकणाऱ्यांबद्दलही थोडे. आपल्याकडे साध्या कागदावर सही घेऊन गाडी दिली जाते आणि नाव बदलायचे राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले की आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव तोच मालक. तुम्ही गाडी पाच वर्षांपूर्वी विकली, तिसऱ्याने चौथ्याला दिली, त्याने विम्याशिवाय कुणाला उडवले, तर नोटीस तुमच्या दारात येणार. गाडी विकल्यावर राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आणि सोळा-सतरा वर्षांच्या भाच्याला हौसेने किल्ली देणाऱ्या मामांनी कलम १९९अ माहीत करून घ्यावे. पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

विमा घेताना फसवणूक होते तीही सांगतो. नाक्यावर, पेट्रोल पंपाजवळ छत्री लावून बसलेला कुणी म्हणतो, दोनशे-तीनशेत करून देतो. लक्षात ठेवावे की तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरवते, तो कोणत्याही कंपनीकडे सारखाच असतो. त्यात निम्म्या किमतीची सवलत असूच शकत नाही. दीडशे सीसीपर्यंतच्या गाडीचे करासह ८४३ होत असतील तर तीनशेची पॉलिसी खोटी आहे, हे समजायला बी.कॉम. व्हावे लागत नाही. पॉलिसीवरचा क्यूआर कोड मोबाइलने तपासावा. एम-परिवहन या अ‍ॅपवर गाडीचा नंबर घातला की विम्याची तारीख दिसते, तिथे दिसली पाहिजे. हा कागद छापील जवळ बाळगण्याचीही गरज नाही, डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत पोलिसांना चालते, तसा नियम २०१८ पासून आहे. एखाद्याने तुमचे लायसन्स मोबाइलवर पाहण्यास नकार दिला तर शांतपणे नियमाचा उल्लेख करावा, हुज्जत घालू नये.

ज्यांच्या गाडीला स्वतःच्या नुकसानीचाही विमा आहे त्यांनी इतकेच पाहावे की पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तर क्लेम न केल्याची साठलेली सवलत, जी पन्नास टक्क्यांपर्यंत गेलेली असते, ती पूर्ण जाते. दुचाकीवाल्यांना हे फारसे लागत नाही.

आमच्या वाचनालयात आता एक लांबट वही ठेवली आहे. दुकानदाराकडे उधारीची असते तशी. त्यात गाडीचा नंबर, विमा संपण्याची तारीख, लायसन्स संपण्याची तारीख आणि घरातल्या दोघांचे चालू मोबाइल नंबर लिहितो. ज्या बारावीच्या मुलीने मुकादमांचा अर्ज भरला तिनेच हे काम अंगावर घेतले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वही उघडते आणि त्या महिन्यात ज्यांची तारीख येते त्यांच्या घरी निरोप देते. पहिल्या दिवशी वही उघडली तेव्हा सुरुवात तुमच्यापासून करू म्हणून तिने माझ्या स्कूटरचा नंबर अ‍ॅपवर टाकला. माझा विमा संपून चार महिने झाले होते. टेबलाभोवती बसलेली माणसे हसली, मुकादम सर्वांत मोठ्याने. मी त्याच दुपारी पैसे भरले. तोवर स्कूटर वाचनालयाच्या भिंतीला लावून ठेवली आणि घरी चालत गेलो.

त्या दोन घरांची केस अजून चालू आहे. मागच्या तारखेला मुलाची आई आणि ती विधवा न्यायालयाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसल्या होत्या. दुसरीकडे बसायला जागा नव्हती.